चारही वाक्यं बरोबरच वाटतात? अशुद्ध वाक्याच्या प्रश्नात गुण जात असतील तर हे तपासा

पुण्यात सदाशिव पेठेत आणि आजूबाजूच्या अभ्यासिकांमध्ये गेली दहा-बारा वर्षं मी मराठी व्याकरणाच्या सराव चाचण्या घेतोय आणि तपासतोय. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, जिल्हा परिषद, अशा सगळ्या परीक्षांची मुलंमुली येतात. समास, अलंकार, वृत्तं यांवर त्यांची पकड बसते, कारण ते पाठ करता येतं. ‘पुढीलपैकी अशुद्ध वाक्य ओळखा’ हा प्रश्न आला की मात्र दर बॅचला तेच वाक्य ऐकू येतं, “सर, चारही बरोबरच वाटतात हो.” हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय की तपासण्यांचा क्रम आता ठरून गेलाय. तोच इथे देतोय. सोपं आणि फुकटातलं आधी, वेळखाऊ नंतर.

लक्षणं

यातली दोन-तीन तरी तुमच्यात असतील, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

चारही पर्याय वाचून झाले तरी एकही खटकत नाही, मग अंदाजाने गोल काळा करता. किंवा दोन पर्यायांवर येऊन अडकता, आधी योग्य निवडता आणि शेवटच्या पाच मिनिटांत खोडून चुकीचा करता. प्रयोगाचा नियम विचारला तर घडाघडा सांगता, पण वाक्यात तोच नियम मोडलेला दिसत नाही. उत्तरतालिका पाहिली की लगेच “अरे हो!” म्हणता, म्हणजे माहिती डोक्यात होती, फक्त वेळेला हाताशी आली नाही. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं लक्षण: तुमच्या चुका विखुरलेल्या नसतात. गेल्या पाच चाचण्या समोर ठेवून पाहा, त्याच दोन-तीन प्रकारच्या चुका पुन्हापुन्हा झालेल्या दिसतील.

बिघाडाचं मूळ बहुतेकांचं एकच असतं. तुम्ही वाक्य कानाने तपासता. मातृभाषा असल्यामुळे कान सतत मदतीला येतो, आणि कानाला घरी जे ऐकायची सवय असते ते सगळं बरोबर वाटतं. शिवाय मराठी वाचताना आपण अक्षर अन् अक्षर वाचत नाही. अर्थ कळला की डोळा पुढे सरकतो. चूक मात्र नेमकी त्या न वाचलेल्या वेलांटीत किंवा टिंबात बसलेली असते. त्यामुळे खालच्या सगळ्या तपासण्यांचा हेतू एकच आहे: कानाला बाजूला बसवायचं आणि बोटाने वाक्य तपासायचं.

आधी प्रश्न वाचलाय का ते पाहा

दोन सेकंदांचं काम आहे आणि हसण्यासारखं मुळीच नाही. ‘शुद्ध वाक्य ओळखा’ आणि ‘अशुद्ध वाक्य ओळखा’ यांत एका ‘अ’चा फरक आहे. ‘कोणते वाक्य चुकीचे नाही’ असंही विचारतात. मी चाचण्या तपासताना पाहतो, उलटं उत्तर दिलेले प्रश्न प्रत्येक गठ्ठ्यात निघतात, आणि त्या मुलांना व्याकरण येत नव्हतं असं मुळीच नसतं. प्रश्नातल्या ‘शुद्ध’ किंवा ‘अशुद्ध’ शब्दाखाली पेनाने रेघ मारा. परीक्षा संगणकावर असेल तर कच्च्या कागदावर ‘शु’ किंवा ‘अशु’ लिहा आणि मगच पर्याय वाचा.

दुसरं म्हणजे प्रश्न ‘लेखनदृष्ट्या’ म्हणतोय की ‘व्याकरणदृष्ट्या’? लेखनदृष्ट्या म्हटलं असेल तर चूक ऱ्हस्व-दीर्घात, अनुस्वारात, जोडाक्षरात आहे, प्रयोग तपासत बसू नका. व्याकरणदृष्ट्या म्हटलं असेल तर क्रियापद, लिंग, वचन, विभक्ती यांकडे जा. एवढ्याने शोधायची जागा निम्मी होते.

पर्याय आडवे नको, उभे वाचा

चारही पर्यायांत एकच वाक्य थोडंथोडं बदलून दिलं असेल, तर एकेक वाक्य पूर्ण वाचणं ही वेळेची नासाडी आहे. हे पाहा, इथे शुद्ध वाक्य ओळखायचंय:

१) शिक्षकांनी विद्यार्थ्यांना परिक्षेचे महत्व सांगितले.
२) शिक्षकांनी विद्यार्थ्यांना परीक्षेचे महत्त्व सांगितले.
३) शिक्षकांनी विद्यार्थ्यांना परीक्षेचे महत्व सांगितले.
४) शिक्षकांनी विद्यार्थ्यांना परिक्षेचे महत्त्व सांगीतले.

वरून खाली नजर फिरवा. ‘शिक्षकांनी विद्यार्थ्यांना’ चारही ठिकाणी सारखंच आहे, ते सोडा. बदलणारे शब्द तीनच. पहिला ‘परीक्षा’: परि आणि ईक्षा मिळून झालेला शब्द, म्हणून ‘री’ दीर्घ. १ आणि ४ गेले. उरले २ आणि ३. त्यांत ‘महत्त्व’: महत् या शब्दाला त्व लागलंय, म्हणजे एक त शब्दाचा आणि एक प्रत्ययाचा. ३ गेला. उत्तर २. ‘सांगितले’पर्यंत जायची गरजही पडली नाही.

ही तपासणी का महत्त्वाची? कारण आडवं वाचलं की अर्थ मध्ये येतो आणि चारही वाक्यांचा अर्थ एकच असल्यामुळे मेंदू चौघांनाही ‘बरोबर’ म्हणून मोकळा होतो. उभं वाचताना अर्थ लागतच नाही, उरतं फक्त अक्षर.

शब्द घोकण्यापेक्षा तो कसा बनला ते एकदा पाहून ठेवा, मग तो सहसा विसरत नाही. तत् आणि त्व म्हणून तत्त्व. उत् आणि ज्वल म्हणून उज्ज्वल. तत् आणि ज्ञ म्हणून तज्ज्ञ. ‘स्रोत’ आणि ‘सहस्र’ यांत त कुठेच नाही, स ला र जोडलाय, तरी आपण सर्रास ‘स्त्रोत’ लिहितो. पेपर काढणाऱ्यांना हे ठाऊक असतं.

डोळ्यांनीच सापडणाऱ्या चुका

यांना नियमाची चर्चा लागत नाही, फक्त बोट ठेवून पाहावं लागतं.

‘नी’ दिसला की मागे टिंब शोधा. ‘शेतकऱ्याने’ एकवचन, ‘शेतकऱ्यांनी’ अनेकवचन किंवा आदरार्थी. ‘शेतकऱ्यानी’ हे कुठेच बसत नाही. ‘ना’चंही तसंच, ‘मुलांना’, ‘वडिलांना’. अनेकवचनी सामान्यरूपावर, म्हणजे प्रत्ययाआधी बदललेल्या रूपावर, अनुस्वार देतात, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. तरी वाचताना ते टिंब आपण मनानेच भरून घेतो.

एका अक्षराचे शब्द पाहा. मी, ती, ही, की, तू हे दीर्घ. ‘नि’ तेवढा ऱ्हस्व, आणि त्याच्या जोडीला ‘आणि’. ‘कि’, ‘हि’, ‘आणी’ दिसले की वाक्य अशुद्ध, पुढे वाचायचं कारण नाही.

शब्दयोगी अव्यय तुटलंय का? ‘घरा समोर’, ‘परीक्षे साठी’, ‘तुझ्या सोबत’ ही तिन्ही चूक. घरासमोर, परीक्षेसाठी, तुझ्यासोबत असं जोडून हवं. ‘मीसुद्धा’ आणि ‘तोदेखील’ हेही जोडूनच. मोबाइलवर टंकताना आपण जागा सोडत जातो, म्हणून डोळ्यांना तुटलेलं रूप ओळखीचं झालंय.

शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी किंवा उकार. मराठी शब्द अकारान्त असेल तर ते अक्षर दीर्घ असतं आणि सामान्यरूप झालं की ऱ्हस्व होतं. पोलीस–पोलिसांनी, वकील–वकिलाला, जमीन–जमिनीचा, बहीण–बहिणीला, मूल–मुलाला. ‘जमीनीचा सातबारा’ ही चूक सरकारी कागदांवर रोज दिसते, म्हणून ती पेपरात खटकत नाही. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द यातून वगळलेले आहेत: शरीर–शरीराला, तिथे ‘री’ दीर्घच राहतो.

यातलं बहुतेक मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांत आहे. १९६२ साली शासनाने १४ नियम मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले, एकूण १८. दोन-चार पानांत मावतात. मोठमोठी पुस्तकं विकत घेणारी कित्येक मुलं हे १८ नियम सलग एकदाही वाचत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. छापून भिंतीला लावा.

क्रियापद कोणाचं ऐकतंय?

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून इथे जरा थांबूया.

यवतमाळकडची एक मुलगी माझ्याकडे यायची, अभ्यासाला अतिशय पक्की. तिच्या पेपरात एक वाक्य दर वेळी ‘शुद्ध’ ठरायचं: ‘गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करण्यात आले.’ मी तिला सांगितलं, बोट वाक्याच्या शेवटी ठेव आणि डावीकडे चालत ये. ‘आले.’ काय आले? तिने बोट मागे नेलं, ‘विद्यार्थ्यांचा’वर ठेवलं. त्याला प्रत्यय आहे ना, चा? मग त्याचं कोणी ऐकणार नाही. अजून शोध. बोट ‘सत्कार’वर आलं. प्रत्यय आहे? नाही. तो सत्कार, ती सत्कार की ते सत्कार? “तो.” मग तो सत्कार आले? ती स्वतःच म्हणाली, “आला!” त्या दिवसानंतर या प्रकारचा तिचा एकही प्रश्न चुकलेला मला आठवत नाही.

कृती एवढीच आहे. क्रियापदावर बोट ठेवा. आधी कर्ता शोधा. त्याला प्रत्यय नसेल तर क्रियापद त्याचं ऐकेल. कर्त्याला ने, नी, ला असं काही लागलं असेल, तर कर्माकडे जा. कर्माला प्रत्यय नसेल तर क्रियापद कर्माचं ऐकेल. दोघांनाही प्रत्यय असेल, किंवा कर्मच नसेल, तर क्रियापद कोणाचंच ऐकत नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावं तुम्हाला पाठ आहेतच. बोटाने चाललात की ती वाक्यात दिसायला लागतात.

‘आईने मुलांना शाळेत पाठवली.’ आई ला ‘ने’, मुलं ला ‘ना’. दोघंही बाद. म्हणजे ‘पाठवले’ हवं. ‘त्याने बहिणीला बोलावली’ यातही तीच चूक, ‘बोलावले’ हवं. बोलताना आपण बहिणीकडे पाहून क्रियापद फिरवतो, पण तिला ‘ला’ लागलाय.

आता मी, तू, आम्ही, तुम्ही. इथे ‘ने’ दिसत नाही, पण भूतकाळात तो लपलेला असतो. ‘मी चिंच खाल्ली’ यात कर्ता मोकळा वाटतो, तरी क्रियापद चिंचेचं ऐकतंय. शंका आली की ‘मी’च्या जागी ‘तो’ ठेवून पाहा. ‘त्याने चिंच खाल्ली’ असं होत असेल तर लपलेला ‘ने’ उघडा पडला. ‘मी घरी गेलो’चं ‘तो घरी गेला’ होतं, म्हणजे तिथे काही लपलेलं नाही.

पुढचा सापळा रूपांचा आहे आणि तो माझ्या मते सगळ्यात खोल आहे. वाचला, वाचली, वाचले हे एकवचन. अनेकवचनात पुल्लिंगी वाचले, स्त्रीलिंगी वाचल्या, नपुंसकलिंगी वाचली. नीट बघा: ‘वाचली’ हे रूप स्त्रीलिंगी एकवचनाचं आहे आणि नपुंसकलिंगी अनेकवचनाचंही. ‘वाचले’ हे नपुंसकलिंगी एकवचनाचं आणि पुल्लिंगी अनेकवचनाचंही. म्हणून ‘मी सुट्टीत चार पुस्तके वाचले’ हे वाक्य कानाला पटतं, ‘ले’ म्हणजे अनेकवचन असं वाटून जातं. पण ते पुस्तक, ती पुस्तके. ‘वाचली’ हवं.

यावर एक सोपा उपाय आहे. वाक्य लेखी रूपातून बोली रूपात आणा. बोलताना ‘ते पत्र वाचलं’ आणि ‘ते लेख वाचले’ असा फरक आपण आपसूक करतो. लिहिताना दोन्हींचं ‘वाचले’ होतं आणि फरक पुसला जातो. तेव्हा पेपरातलं ‘वाचले’ तुम्हाला ‘वाचलं’ असं म्हणता येतंय का, ते पाहा. ‘चार पुस्तकं वाचलं’ म्हटल्यावर कोणालाही खटकेल. कान बाजूला बसवा असं मी म्हटलं होतं, पण इथे त्याला परत बोलवावं. मात्र तुमच्या बोलीत अनुस्वाराचा उच्चार नसेल आणि ‘वाचले’च म्हणत असाल, तर हा उपाय तुमच्या कामाचा नाही. तुम्ही तो-ती-ते लावूनच चाला.

पेपर काढणारे आणखी एक करतात, कर्म आणि क्रियापद यांच्यात भरपूर मजकूर कोंबतात. ‘समितीने अहवालात केलेल्या सर्व शिफारशी राज्य शासनाने कोणताही बदल न करता मान्य केले.’ वाक्य संपेपर्यंत शिफारशी मागे पडतात आणि शेजारच्या शब्दांच्या ओघात ‘केले’ खपून जातं. बोटाने मागे चाला: काय मान्य? बदल नाही, शिफारशी. त्या शिफारशी. ‘केल्या’ हवं. मधला सगळा मजकूर पेन्सिलने कंसात टाकायची सवय लावून घ्या.

काही क्रियापदं नियमाबाहेर वागतात, ती वेगळी लिहून ठेवा. शिकणे, विसरणे, भेटणे, बोलणे यांना कर्म किंवा कर्मासारखा शब्द असला तरी भूतकाळात कर्ता मोकळाच राहतो. ‘ती गणित शिकली’, पण ‘तिने गणित शिकवले’. ‘तो माझे नाव विसरला’ शुद्ध, ‘त्याने माझे नाव विसरले’ अशुद्ध. ‘तो मला भेटला’ शुद्ध, ‘त्याने मला भेटला’ अशुद्ध. आणि म्हणणे! याची दोन घराणी आहेत: तो म्हणाला, त्याने म्हटले. ‘मी म्हणालो’ चालतं, ‘मी म्हटले’ चालतं. ‘मी म्हटलो’ आणि ‘त्याने म्हणाला’ ही भेसळ आहे. रोजच्या बोलण्यात इतकी रुळलेली आहे की वर्गात पाचातल्या तिघांना तरी ती शुद्धच वाटते.

वडील हा शब्द मनात ठेवा. तो कायम आदरार्थी बहुवचनात येतो: माझे वडील आले. आईला मात्र आपण ‘आली’ म्हणतो. यात तिचा अनादर नाही, भाषेची रीत आहे.

लिंग: तो, ती, ते लावून बघा

क्रियापद कोणाचं ऐकतंय ते कळलं, पण त्या शब्दाचं लिंगच चुकलं तर सगळी मेहनत वाया. सर्वाधिक वेळा विचारला जाणारा शब्द ‘व्यक्ती’. माणूस पुरुष असो की बाई, ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगीच. ‘तो व्यक्ती दारात उभा होता’ हे हिंदीतून आलेलं आहे. मराठीत ती व्यक्ती उभी होती. ‘वेळ’ दोन्हीकडे चालतो, पण अर्थ वेगळा: माझा बराच वेळ गेला, परीक्षेची वेळ झाली. इथे लिंग बदललं म्हणून लगेच अशुद्ध ठरवू नका, आधी अर्थ पाहा.

‘राजा आणि राणी’ असे दोन वेगळ्या लिंगांचे कर्ते एकत्र आले तर क्रियापद ‘आले’ की ‘आली’? लेखनात दोन्ही आढळतात. अशा पर्यायावर निकाल लावायला जाऊ नका, उरलेल्या तिघांत ठळक चूक शोधा, बहुतेक वेळा ती असतेच.

प्रत्ययाच्या आधीचा शब्द

नामाला प्रत्यय लागला की त्याच्या आधीचं विशेषणही वाकतं. ‘माझा भावाने’, ‘मोठी घरात’, ‘चांगला मुलाला’ ही चूक आहे: माझ्या भावाने, मोठ्या घरात, चांगल्या मुलाला. एकेकटं दाखवलं की सगळ्यांना दिसतं. लांब वाक्यात ‘आपला जिल्ह्यातील सर्व शाळांना’ असं आलं की निसटतं. प्रत्यय लागलेल्या प्रत्येक नामाच्या एक शब्द आधी बोट न्या, बस.

याच घरातली दुसरी चूक हिंदीच्या वळणाची. ‘त्याने माझी मदत केली’ हे मराठीचं वळण नाही. त्याने मला मदत केली. आणि विदर्भातल्या मुलांनी ‘केल्या गेले’, ‘सांगितल्या गेले’ या रूपांकडे लक्ष द्यावं. परीक्षेत ‘केले गेले’, ‘सांगितले गेले’ हीच अपेक्षित असतात.

जोड्या आणि दुहेरी भरणा

हे पटकन होतं. ‘जर’ दिसला की ‘तर’ शोधा, ‘जरी’ला ‘तरी’, ‘जेव्हा’ला ‘तेव्हा’, ‘जितका’ला ‘तितका’. ‘जरी पाऊस आला तर आम्ही जाऊ’ यात जोडी मोडली आहे. ‘कारण की’मधला ‘की’ उगाचच आहे.

एकच अर्थ दोनदा आलाय का? सहकुटुंबासह, सविनयपूर्वक, गाईचे गोमूत्र, पिवळे पीतांबर, परत पुन्हा. पहिल्या दोघांत ‘सह’ आणि ‘स’ आधीच बसलेले आहेत, हे शब्द फोडून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

शब्दांची जागाही एकदा पाहा. ‘ताजे गाईचे दूध मिळेल’ यात ताजी गाय झाली. गाईचे ताजे दूध हवं.

सगळ्यात अवघड: आपली बोली ओळखणं

वरचं सगळं करूनही त्याच चुका राहत असतील, तर कारण घरात आहे. आणि हे मी फार जपून सांगतोय. मराठवाड्यातलं ‘काय करायलास?’, विदर्भातलं ‘तो जेवून राहिला’, कोल्हापूरकडे बाईमाणसाच्या तोंडी येणारं ‘मी आलो’, यातलं काहीच चुकीचं मराठी नाही. त्या बोलींना त्यांचं स्वतःचं व्याकरण आहे आणि ते पक्कं आहे. परीक्षा फक्त प्रमाण लेखनाची आहे. गावाकडच्या मुलांना “तुला मराठीच येत नाही” असं सांगणारे लोक भेटतात आणि मग ती मुलं पेपरात स्वतःच्या प्रत्येक शब्दावर संशय घ्यायला लागतात, बरोबर उत्तर खोडतात. लक्षणांत जे ‘खोडून चुकीचं करणं’ सांगितलं, त्याचं कारण मला अनेकदा इथेच सापडलंय.

उपाय दोन रकान्यांची वही. डावीकडे ‘घरचं’, उजवीकडे ‘पेपरचं’. चाचणीत चुकलेलं प्रत्येक वाक्य तिथे लिहायचं, आणि मूळ वाक्य तुम्हाला बरोबर का वाटलं ते एका ओळीत लिहायचं. “आमच्याकडे असंच म्हणतात” हे पूर्ण उत्तर आहे, ते लिहायला लाजू नका. पंधरा-वीस दिवसांत वहीत तेच तीन-चार प्रकार परत परत येताना दिसतात. ते तुमचे. बाकीच्या नियमांवर वेळ घालवायचं थांबवा आणि त्यांच्यावरच बसा. याला महिना-दीड महिना लागतो. परीक्षा आठ दिवसांवर असेल तर हे सुरू करू नका, बोट ठेवून चालण्याचा सराव करा.

कुठे थांबायचं, कोणाकडे जायचं

परीक्षेच्या खोलीत: २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांना दोन तास होते, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे ५४ सेकंद. एका वाक्याच्या प्रश्नावर मिनिट गेलं आणि दोन पर्याय उरलेच असतील, तर खूण करून पुढे जा. परत आल्यावर क्रियापदावर बोट ठेवून एकदाच चाला. ठोस कारण सापडलं तरच आधीचं उत्तर बदला. ‘कसंतरी वाटतंय’ हे कारण नाही. एमपीएससीच्या वस्तुनिष्ठ पेपरांत चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापतात, चार चुका एक बरोबर उत्तर गिळतात. तीन पर्याय कायम असतील तर तिथे अडून राहू नका.

उत्तरतालिकेशी तुमचं जुळत नसेल: दोन पुस्तकांत दोन मतं दिसली तर मित्रांच्या ग्रुपवर रात्र घालवू नका. भाषा शिकवणाऱ्या, व्याकरण खरोखर वाचलेल्या शिक्षकांना विचारा. आयोग आधी प्रथम उत्तरतालिका काढतो, हरकती मागवतो आणि मग अंतिम तालिका लावतो. हरकत घ्यायची असेल तर मुदतीत आणि मान्य संदर्भाच्या आधाराने घ्या. “आम्ही असं बोलतो” हा आधार तिथे चालत नाही, नियम क्रमांक चालतो.

वही महिनाभर नेमाने भरूनही एकाच प्रकारात दहापैकी पाचहून जास्त चुका होत असतील, तर पुस्तक बदलून उपयोग नाही. कोणातरी जाणत्या माणसासमोर बसा, वाक्य मोठ्याने वाचा, तुमचं बोट कुठे थांबतं आणि कुठे उडी मारतं ते त्यांना पाहू द्या. मला स्वतःला चुकीमागचं कारण कळतं ते बहुतेक वेळा असंच, पेपर तपासून नव्हे.

आणि वाचताना ओळी निसटत असतील, अक्षरं अदलाबदल होत असतील, शाळेपासूनच वाचनाला इतरांहून फार जास्त वेळ लागत असेल, तर तो व्याकरणाचा प्रश्न नाही. तिथे माझ्यासारख्याने शिकवत राहणं म्हणजे तुमचा वेळ खाणं आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि गरज असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

हे मी एका मुलाकडून शिकलो. लातूर जिल्ह्यातला, तीन चाचण्या ओळीने अनुस्वाराच्या सगळ्या प्रश्नांत शून्य. मी त्याला नियम पाच वेळा समजावला, तो पाच वेळा बरोबर सांगायचा. मग एकदा मी त्याच्या शेजारी बसून ‘विद्यार्थ्यांनी’ शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, टिंब आहे? तो कागद नाकाजवळ नेऊन म्हणाला, “आहे काय सर इथे?” अभ्यासिकेत मागच्या रांगेत, अंधूक ट्यूबखाली तो रोज दहा तास वाचायचा, आणि त्याने आयुष्यात कधी डोळे तपासले नव्हते. त्याच आठवड्यात चष्मा आला. पुढच्या चाचणीत अनुस्वाराची एकही चूक नव्हती. क्रियापदाच्या तीन होत्या, त्या आम्ही त्याच संध्याकाळी बोट ठेवून सोडवल्या.